पांढरं तळं

प्राणी बोलले तरी माणसांना नवल वाटत नसे, अशा फार जुन्या काळची ही गोष्ट आहे.

एका राणीच्या बागेत तळं होतं. त्यात चार पायांचे, लांब शेपटीचे जलचर राहत. त्यांच्या मानेभोवती पिसांसारखे कल्ले होते, म्हणून लोक त्यांना पिसकल्ले म्हणत. त्यांचं तोंडच असं होतं, की ते सदा हसताहेत असं वाटे. रंग मात्र तळाच्या चिखलासारखा काळपट.

एकदा एका मादीच्या पिल्लांत काही पिल्लं पांढरी निघाली. त्यांचे कल्ले गुलाबी होते. राणी तळ्याकाठून उठेचना.

"बाबा, मला सगळं तळं असंच हवं," ती म्हाताऱ्या राखणदाराला म्हणाली.

"राणीसाहेब, काळीच जास्त निपजतात. पांढरी थोडी."

"मग काळी ठेवायची कशाला?"

राखणदाराने मान डोलावली. त्या दिवसापासून तो पांढऱ्यांची पांढऱ्यांशी जोडी लावू लागला. काळी पिल्लं तो टोपलीत भरून बांधावर ओतायचा. आधी एकच बगळा आला. मग थवाच येऊ लागला. टोपली दिसली की ते खाली उतरत.

"आले जावईबापू जेवायला!" राखणदार हसून म्हणे.

एके दिवशी त्या पहिल्या पांढऱ्या पिल्लांची आई, काळी मादी, काठाशी आली. "बाबा, माझी काळी पिल्लं दिसत नाहीत."

"मोठ्या तळ्यात सोडलीत गं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"सुखात आहेत ना?"

"हो."

"मग पांढरीही तिकडेच सोडा की. भावंडं एकत्र राहतील."

राखणदार टोपली उचलून निघून गेला. तिला मात्र बांधावर टाकायला त्याचा हात धजला नाही.

काही वर्षांनी तिच्याखेरीज सगळं तळं पांढरं झालं. राणीने पाहुणे बोलावले. पाण्यावर फुलं उधळायची म्हणून राखणदार टोपली घेऊन काठावर आला.

बगळ्यांनी टोपली पाहिली. थवा खाली उतरला. बांधावर काहीच नव्हतं, पण काळ्या पाण्यात एकेक पांढरं अंग दिव्यासारखं उजळून दिसत होतं. काळी पिल्लं चिखलात दिसेनाशी झाली असती. पांढऱ्यांना लपायला जागाच नव्हती. माणसं ओरडत धावली, तोवर तळं रिकामं झालं होतं.

"बाबा, पुन्हा पैदास करा!" राणी रडत म्हणाली.

"कशापासून करू, राणीसाहेब?"

तेवढ्यात चिखल हलला. म्हातारी काळी मादी वर आली. आता ती अंडी घालत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "आता माझी मोठ्या तळ्यातलीच पिल्लं तेवढी उरली. मला त्यांच्याकडे नेता का?"

राखणदाराच्या हातातून टोपली गळून पडली. फुलं पाण्यावर पसरली. मादी उत्तराची वाट पाहत राहिली.

"आई, ती बघ, हसतेय!" पाहुण्यांतली एक लहान मुलगी म्हणाली.

ती हसत नव्हती. तिचं तोंडच तसं होतं.

आवडत्या एका रंगासाठी जो बाकीचे रंग टाकून देतो, त्याच्याकडे शेवटी तो आवडता रंगही उरत नाही.