धाकट्याची गोड विहीर

फार फार जुनी गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात दोन सख्खे भाऊ शेजारी शेजारी राहत. दोघांनी एकाच वर्षी विहिरी खणल्या. थोरल्याच्या विहिरीला लागलं मचूळ पाणी, धाकट्याच्या विहिरीला शहाळ्यासारखं गोड.

"दादा, विहीर आपलीच समज," धाकटा म्हणाला. थोरल्याची बायको रोज तिथूनच हंडा भरून आणी. थोरला ते पाणी पोटभर पिई आणि तरी भावाचा हेवा करी. मत्सर असाच कृतघ्न असतो, बाळांनो.

त्या गावच्या चर्चमध्ये एक रीत होती. सुगी संपली की सारे उपकारस्तुतीला जमत, पण आपल्या पिकाबद्दल कोणी बोलत नसे. शेजाऱ्याच्या घरातल्या एका चांगल्या गोष्टीबद्दल मोठ्याने प्रभूचे उपकार मानायचे. धाकटा म्हणे, "प्रभू, वहिनीच्या मायेबद्दल तुझे उपकार." थोरल्याची पाळी आली की त्याला ठसका लागे. दरवर्षी, नेमका तेव्हाच!

चर्चचे म्हातारे पाळक एकदा त्याला म्हणाले, "अरे, चार शब्दच आहेत. आज जड वाटतात, पण गिळून ठेवलेस तर आणखी जड होतील."

थोरल्याने मान हलवली आणि घर गाठलं.

पुढे गावातल्या एका तान्ह्याच्या बाप्तिस्म्यासाठीही धाकट्याच्याच विहिरीचं पाणी नेलं. मग मात्र थोरल्याचा हेवा अनावर झाला. उधाणाचा दिवस होता आणि सारं गाव चर्चमध्ये होतं. त्याने बांधाजवळ जाऊन खाडीचं पाणी अडवणारी धाकट्याच्या बाजूची फळी उपसली. खारं पाणी अंगणात शिरलं, विहिरीत उतरलं आणि गोड पाणी खारट होऊन गेलं.

"फळी कुजली असेल," धाकटा म्हणाला. भावाचा संशय त्याच्या मनाला शिवलाही नाही.

ऐन उन्हाळ्यात थोरल्याची बायको तापाने आडवी झाली. "जरा गोड पाणी द्या हो," ती म्हणाली. त्याने आपल्या विहिरीच्या मचूळ पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. एक घोट घेऊन तिने तोंड फिरवलं. तो घागर घेऊन टेकडीपलीकडच्या गावाला धावला. परत आला तेव्हा घागर भरलेली होती, पण पिणारी उरली नव्हती.

त्या वर्षीच्या उपकारस्तुतीला थोरला आपणहून उभा राहिला. ठसका लागला नाही. "प्रभू, माझ्या भावाच्या गोड विहिरीबद्दल तुझे उपकार," तो म्हणाला. "ती मी नासवली. फळी मीच काढली."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला.  मग तो उठून भावाजवळ आला. "दादा, मला लई राग आलाय तुझा," तो रडत म्हणाला. "पण प्रभूने मला क्षमा केलीय. मी तुला कसं नाही म्हणू?"

त्या दिवसापासून थोरला रोज पहाटे टेकडीपलीकडून पाणी आणी आणि पहिली घागर भावाच्या दारात ठेवी. घागर खाली ठेवताना तो भावाच्या घरासाठी देवाचे उपकार मानी, आणि आता ते मनापासून असत. त्याचा हेवा गेला. पाठ मात्र वाकली, आणि विहीर त्याच्या हयातीत पुन्हा गोड झाली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या सुखाबद्दल देवाचे उपकार वेळीच मानावेत, मत्सराने नासवलेलं सगळंच क्षमेने परत येत नाही.