पिळाची विजेरी

फार पूर्वी नव्हे, पण लोक विसरून जावेत इतक्या दिवसांमागे, मालवणात रुक्मा तांडेल समुद्रात खोल बुड्या मारायची. तिच्या पट्ट्याला दोन छोट्या विजेऱ्या असत. एक मान पिळली की पेटे, दुसरी बटण दाबल्यावर.

"तू साध्या धक्क्यानंही पेटतेस," पिळाची बटणाचीला हिणवायची. "मला पेटवायला दोन हात लागतात. उगाच जळणारी मी नव्हे."



एके दुपारी बुडालेल्या होडीच्या पोटात रुक्माच्या भावाचा, भिवाचा, पाय जाळ्यात अडकला. गाळ उसळून मिट्ट काळोख झाला. रुक्माने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि उजव्याने पहिली विजेरी पिळू लागली. ती मुठीत नुसतीच फिरत राहिली.

"दुसरा हात लाव गं!" विजेरी कळवळली.

रुक्माने तिला सोडलं, चाचपून बटण दाबलं. त्या उजेडात भिवाने जाळं कापलं.

वर आल्यावर धापा टाकत भिवा म्हणाला, "बाय, आता तरी हात सोड."

पण रुक्माची बोटं उघडेचनात.

पिळाची विजेरी त्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं झालं, तिनं माझं ऐकलं नाही."