पाळकघराचं मागलं दार

नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. आमच्या खडकवस्तीत चर्चशेजारी एक घर आहे, त्याला पाळकघर म्हणतात. मंडळीचा जो पाळक असेल त्यानं तिथं राहायचं. प्रार्थना चालवायची, मेल्याला माती द्यायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं. चाकरी संपली की घर सोडायचं. घर माणसाचं नाही, चाकरीचं. पार पहिल्यापासून असंच.

याकोब पाळक पटकीच्या साथीत गेले. मागं बायको राहिली, रिबकाबाई. मूलबाळ नाही, आणि धर्म बदलला तेव्हाच माहेरानं दार लावलेलं. नवे पाळक निघाले असा निरोप आला, तशी रिबकाबाईनं घर सारवलं, रांजण भरला, चुलीतला विस्तव राखेखाली झाकला आणि बोचकं उचललं.

बाया आडव्या आल्या. "पाळकीणबाई, जाणार कुठं?"

"रस्ता नेईल तिकडं. घर माझं असतं तर राहिले असते गं."

नदीला पाणी घोट्याएवढं. रिबकाबाईनं पाय टाकला, तर कमरेला लागलं. ती मागं सरली, पाणी ओसरलं. पुन्हा पाय टाकला, पुन्हा तेच. आभाळात ढगसुद्धा नव्हता, असं म्हणतात.

काठावर बसलेले दाऊदआबा म्हणाले, "आमचं नाही तर नाही, नदीचं तरी ऐका बाई!"

तेवढ्यात पलीकडून नव्या पाळकांची बैलगाडी आली, ती चाकं न बुडता पार झाली. गाडीत त्यांची बायको सलोमी, अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. तिनं विचारलं, "या कोण?" लोकांनी सांगितलं. पोरगी खाली उतरली आणि तिनं रिबकाबाईच्या हातातलं बोचकंच घेतलं.

"आक्का, उद्या मीपण असंच निघायचं का?"

नवरा खाली उतरून बैल सोडायला लागला. सलोमी लोकांकडं वळली.

"आधी यांच्यासाठी एक खोली होऊ द्या. मग माझी भांडी उतरवा."

गाव कामाला लागलं. पाळकघराच्या मागं खोली उभी राहिली, वेगळं दार, वेगळी चूल. तोवर सलोमी गाडीजवळच रांधायची आणि रिबकाबाई तिला मिठावरून बोलायची. खोली झाल्यावर सलोमीनं पुढच्या चुलीतली राख सारली, तर विस्तव लालच होता, असं म्हणतात.

अजून नवे पाळक आले की टेम्पोतलं सामान खाली उतरत नाही. आधी बाया मागली खोली सारवतात. मग नव्या पाळकीणबाईच्या हातची पहिली भाकर तिकडं जाते. खोलीत जुनी पाळकीण असेल तर तिला. नसेल तर गावात जी एकटी असेल, तिला बोलावून बसवतात. तिनं घास मोडल्याशिवाय पुढच्या घरात कुणी जेवत नाही. ती रिबकाबाईची भाकर.