सातवी शीळ

सागाच्या रानात माणसाने पाऊलही टाकलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथे आठ रानकुत्र्यांचा कळप होता. शिकार दिसली की शीळ घालायची आणि बाकी सातांच्या शिळा येईपर्यंत थांबायचं, हा त्यांचा रिवाज.

सगळ्यांत वेगवान तांबू म्हणे, "तुमच्यासाठी थांबलो तर सांबर म्हातारं होईल!"

एका सकाळी तो शीळ न घालताच सांबरावर धावला. एकटी बहीण झिपरी मागोमाग पोहोचली. सांबर उलटलं, शिंगं तांबूवर आली, झिपरी मध्ये पडली.

"शीळ घालायचीस रे," एवढंच बोलून तिने जीव सोडला.

दुसऱ्या दिवशी तांबूने शिकार पाहिली आणि शीळ घातली. सहा शिळा आल्या. कळपातली म्हातारी म्हणाली, "आलोय सगळे. आता तू पुढे हो."

तांबू सातव्या शिळेची वाट बघत उभाच राहिला.