ठकूबाईची वाळू

आटपाट म्हणावं असं काही आमचं गाव नव्हतं. कोळखिंड म्हणजे एक चढण, एक स्टेशन आणि नाही त्या उचापती करणारी माणसं. पण ज्या काळी त्या चढणीवरून अरुंद रुळांची छोटी आगगाडी धापा टाकत यायची, त्या काळी इथे ठकूबाई नावाची एक बाई राहायची. गाडीचं काळं इंजिन म्हणजे गावाचं दैवत. लोक त्याला कुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि ड्रायव्हर इस्माईलभाई हसत हसत खोबरं खायचा.

ठकूबाईची एकुलती एक लेक हौसा त्याच गाडीने पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. दिवस भरत आले होते. ठकूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. मारुतीला तेल चालतं, मग इंजिनाला का नको? असं म्हणतात, की तिने करडईच्या तेलाची अख्खी बुधली उचलली आणि चढणीवरच्या दोन्ही रुळांवर रिकामी केली. भोळ्या भक्तीला पुढचं दिसतं थोडंच!

गाडी आली. निम्मी चढण चढली आणि चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. इस्माईलभाईने ब्रेक दाबला, तरी तेल माखलेली चाकं थांबेनात. गाडी मागे घसरू लागली. खाली वळण होतं, वळणाला लागून नदीवरचा बिनकठड्याचा पूल होता.

खिडकीतून हौसा ओरडली, "आये!"

पावसात चाकं घसरू नयेत म्हणून रुळांशेजारी वाळूचा ढीग असायचा. गाडीची वाट बघत तिथेच उभ्या असलेल्या ठकूबाईने पदरात वाळू भरली आणि गाडीबरोबर उतारावरून धावत सुटली. चाकाखाली एक मूठ, लगेच दुसरी मूठ.

"थांब रं देवा! चूक माझी हाय, लेकीचा काय गुन्हा?"

असं म्हणतात, चाकांनी तिची बोटं सोलून काढली, पण हात मागे आला नाही. आणि असंही म्हणतात, की तिचा पदर काही रिता झाला नाही. पुलाच्या तोंडाशी चाकांखाली वाळू करकरली आणि गाडी उभी राहिली.

ठकूबाई खाली मान घालून म्हणाली, "त्याल म्याच वतलं, भाऊ."

इस्माईलभाई इंजिनातून खाली वाकला. तो म्हणाला, "रडू नको बहन. तू पुढं वाळू टाक, मी मागनं गाडी आणतो."

रक्ताळल्या हातांनी वाळू टाकत ती इंजिनापुढे स्टेशनापर्यंत चालली. हौसाला तिथेच, स्टेशनात, मुलगी झाली.

पुढे काही वर्षांनी गाडी बंद झाली, रूळ उखडले. भंगारवाले इंजिन न्यायला आले, तेव्हा गावातल्या बाया त्याला वेढा घालून बसल्या आणि हटल्याच नाहीत. रुळांच्या एका तुकड्यावर ते आजही उभं आहे. त्याच्याजवळ तेलाची बाटली कुणी नेऊ देत नाही. आणि कोळखिंडीची लेक पहिल्या बाळंतपणाला आली, की एसटीतून उतरल्या उतरल्या आई तिला तिथे नेते, चाकापुढे मूठभर वाळू टाकते आणि म्हणते, "ठकूबाई, माझ्या लेकीला घसरू देऊ नको गं."