ताम्रपट आणि खुंट

समुद्रावर अजून कोणी रेघा ओढून वाटे पाडले नव्हते, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, थोरांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी. सांगताना माझं डोकं तापतं, तेवढं सांभाळून घ्या.

एक छोटं बेट होतं. बेटापुढे समुद्रात एक उथळ पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावरच्या मासळीवर अख्खं बेट जगत होतं. पावसाळा सरला की प्रत्येक घर तिथे लाकडाचा एक लांब खुंट ठोकी आणि त्याला आपलं जाळं बांधी. वर्षभरात खुंट कुजे, म्हणून दरवर्षी नवा. ओहोटीच्या तेवढ्याच वेळात, छातीभर पाण्यात उभं राहून ठोकायचा. हातांची सालं निघत. पण त्या सगळ्या मुलखाचा कायदाच होता, ज्याचा खुंट त्याचं पाणी.

समोरच्या किनाऱ्यावर एक मोठं राज्य होतं. त्याचं पोट कधी भरतच नसे. बळी तो कान पिळी, हीच त्याची रीत. त्याच्या होड्या येत, जाळी कापत, खुंट मोडत. बेटकरी मनसोक्त शिव्या घालत आणि पुढच्या ओहोटीला नवे खुंट ठोकत. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं, आणि पट्टा बेटाचाच राहिला.

बेटाच्या मुखियाला सगळे नाखवा म्हणत. तो या रोजच्या कटकटीला कंटाळला. दूरदेशीच्या एका सम्राटाकडे गेला आणि ताम्रपट घेऊन आला. त्यावर कोरलं होतं, 'तुमचा शत्रू तो आमचा शत्रू.' मागोमाग सम्राटाची चार अवाढव्य गलबतं बेटाच्या बंदरात येऊन उभी राहिली. बेटभर नारळ फुटले.

गलबतांचा सरदार म्हणाला, "पट्ट्यावर आता आमचा पहारा. पण ते खुंट काढा. आमच्या गलबतांचे तळ फाटतील."

नाखव्याने लगेच मान डोलावली. तेव्हा पोशीबाय पुढे आली. ही बाई म्हातारी, विधवा, एकटी. नवरा गेल्यापासून दरवर्षी आपला खुंट स्वतः ठोकणारी.

"नाखवा, अक्कल गहाण ठेवलीस का रं? एवढी मोठाली गलबतं त्या उथळात शिरतीलच कशी? आन्‌ शिरायची नायत, तर खुंट कुनाला टोचतात?"

"पोशीबाय, जग कुठं गेलं आन्‌ तू लाकडं धरून बसलीस! सम्राटाचा शब्द हाय हा, तांब्यावर कोरलेला."

"तांबं पान्यात ठोकता येतं का?"

लोक हसले. हो, हसले! मग दोन दिवस खपून त्यांनी आपल्याच हातांनी आपले खुंट उपटले आणि त्याच लाकडांवर सरदाराची मेजवानी शिजवली. पोशीबायने मात्र आपली होडी खुंटाला बांधली आणि आत ठाण मांडून बसली. सरदार म्हणाला, "राहू द्या. म्हातारीची काडी आहे ती."

पुढचा पावसाळा सरला. पोशीबायने तेवढा आपला नवा खुंट ठोकला. बाकी बेटकरी निवांत होते, यंदा हात सोलायचे नव्हते. आणि एका सकाळी मोठ्या राज्याच्या तीनशे होड्या पट्ट्यावर उतरल्या. एकाच ओहोटीत त्यांनी पट्टाभर आपले खुंट ठोकले. आयत्या बिळावर नागोबा!

बेटावरची माणसं होड्यांकडे धावली, तर सम्राटाच्या गलबतांनी बंदराचं तोंडच अडवलेलं. सरदार वरून ओरडला, "उगाच आगळीक नको! सम्राटांचा हुकूम येईपर्यंत एकही होडी बाहेर जाणार नाही!"

ज्यांनी शत्रूला अडवायचं, त्यांनी कोणाला अडवलं पाहा!

नाखवा ताम्रपट छातीशी धरून सरदारापुढे उभा राहिला. तीन महिने हुकुमाची वाट पाहिली. तोवर मोठ्या राज्याचं सागवान सम्राटाच्या देशी जातच होतं, सम्राटाला नवी गलबतं बांधायची होती ना! अखेर हुकूम आला. सरदाराने तो थंडपणे वाचला.

"सम्राटांनी तुमचाच कायदा पाहिला. ज्याचा खुंट त्याचं पाणी. पट्ट्यावर तुमचा खुंट एकच आहे. तेवढं पाणी तुमचं."

"तुम्हीच काढायला लावले!" नाखवा किंचाळला.

"आम्ही सांगितलं. उपटले तुम्ही."

सरदाराच्या निलाजरेपणाची चीड येते मला, पण तो खोटं बोलला नव्हता, आणि याचीच जास्त चीड येते.

नाखवा जाळं घेऊन पोशीबायच्या खुंटाशी आला. खाली मान घालून म्हणाला, "एवढं एक जाळं बांधू दे. घरात चूल पेटली नाय."

पोशीबाय त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. "तुझ्या ताम्रपटाला बांध," ती म्हणाली.

एका खुंटावर बेट कसं जगणार? पुढल्या हंगामात बेटकरी मोठ्या राज्याकडे मजुरीला गेले. त्याच पट्ट्यावर, त्याच छातीभर पाण्यात, त्याच सोललेल्या हातांनी ते दुसऱ्याचे खुंट ठोकू लागले. चार गलबतं बंदरात तशीच उभी होती.

तात्पर्य: मित्र जरूर जोडावा, पण त्याच्या शब्दावर आपला खुंट उपटू नये.