आई घरी असते

“...आणि आई कुठे असते?”

“घरी असते. मी तिची एकुलती एक मुलगी. शिक्षण संपलं की मी तिच्याकडेच परत येणार आहे.”

“पुन्हा सांग.”

विशाखाने पुन्हा सांगितलं. शब्द तेच, हसूही तेवढंच, दात न दाखवता. हे हसूसुद्धा नागपूरच्या व्हिसा-मुलाखतीच्या क्लासमध्ये शिकवलं होतं. प्रश्न संपला की तीन सेकंदांत उत्तर, नजर काचेमागच्या साहेबाच्या डोळ्यांत, हात मांडीवर.

आर्याजी चीवर शिवता शिवताच प्रश्न विचारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गावाबाहेरच्या टेकाडावर पत्र्याचा विहार, आणि त्यात ही एकटी म्हातारी भिक्खुणी. विशाखाला अक्षरं त्यांनीच शिकवली होती, याच फरशीवर, खडूने. पुढे पोरगी विद्यापीठात पहिली आली, सुवर्णपदक घेऊन आली, आणि त्यानंतर टेकाड चढायची तिला कधी सवड झाली नाही.

आज चढली होती.

“सफाईने बोलतेस,” आर्याजी म्हणाल्या. “कितीदा घोकलंस?”

“रोज चाळीस वेळा.”

“आईला जाऊन किती दिवस झाले?”

“...दोन महिने.”

सुई चीवरात शिरली, बाहेर आली.

त्याआधी दोनदा विशाखाने परदेशी शिकायला जायचा व्हिसा मागितला होता आणि दोनदा काचेखालून पासपोर्ट परत सरकला होता. कारण एकच. तुम्ही शिकून मायदेशी परत याल याची आम्हाला खात्री वाटत नाही. साहेब विचारायचा, इथे तुमचं मागे काय आहे? तिने पदक सांगितलं, पहिला नंबर सांगितला, छापून आलेला लेख सांगितला. आई तेव्हा चांगली हिंडतीफिरती होती. शाळेत दीडशे पोरांची खिचडी शिजवत होती. पण विशाखाने दोन्ही वेळा तिचं नाव काढलं नाही. खिचडीवाली आई त्या काचेसमोर कशी सांगायची!

क्लासच्या सरांनी ते ऐकून कपाळावर हात मारला. “अगं, आई आहे ना तुला? मग तीच सांग की!”

तिसरा फॉर्म आईच्या नावानिशी भरला. अकराव्या दिवशी कावीळ आईला घेऊन गेली. सर फोनवर म्हणाले, “फार वाईट झालं गं. पण उत्तर बदलू नकोस. आता तेवढंच एक चांगलं आहे आपल्याकडे.”

“मंगळवारी मुलाखत आहे,” विशाखा म्हणाली. “आणि मामाने रविवारी आईचं पुण्यानुमोदन ठेवलंय. दोन महिने मी थांबवलं, आता तो ऐकत नाही. चौकात फ्लेक्स लावणार. आईचा मोठा फोटो, खाली भावपूर्ण आदरांजली. सगळ्यांची नावं, त्यात माझं पहिलं.”

“बरोबर आहे. लेक तू.”

“आर्याजी, तो फोटो मोबाइलवर फिरणार! साहेब लोक मोबाइलवरचं सगळं बघतात. तुम्ही मामाला नाही म्हणा. तुम्ही येत नाही म्हटल्यावर तो आपोआप पुढे ढकलेल. फक्त मंगळवारपर्यंत. मंगळवारपर्यंत तिला...”

पुढचं वाक्य तिने गिळलं.

“त्या साहेबाला आपला चौक दिसतो?”

“दिसतो.”

“बाई गं! इतक्या लांबून दिसतो. तुला घरातली आई दिसली नाही.”

विशाखाचा चेहरा तापला. “टोमणे मारू नका. तुमचं बरं आहे. संसार नाही, कागद नाही. कुणाच्या खिडकीपुढे हात जोडून उभं राहावं लागत नाही तुम्हाला.”

“रोज राहते.” आर्याजींनी कोपऱ्यातल्या काळ्या भिक्षापात्राकडे बोट केलं. “दहा दारं.”

“...काय सांगता तिथे?”

“काही नाही. उभी राहते.”

“आणि नाही दिलं तर?”

“पुढचं दार.”

“मला पुढचं दार नाहीये! यंदा गेले नाही तर जागा जाईल, शिष्यवृत्ती जाईल. परत कोण बोलावतंय मला?” तिचा आवाज पत्र्याला लागून परत आला. मग ती हळू बोलली, इतकं हळू की म्हातारीला सुई थांबवावी लागली. “आणि खरं विचाराल तर साहेबाचंच बरोबर आहे. मी नाही येणार परत. कुणासाठी येऊ? घराला कुलूप आहे. मामाला फ्लेक्सवर नाव पाहिजे, मी नको. आई होती तेव्हा मला इथून सुटायचं होतं. आता ती नाही, तर तिलाच दाखवून सुटतेय...”



खाली गावात शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली. आता तिथे दुसरीच बाई खिचडी वाढत असेल.

आर्याजींनी दोरा दाताने तोडला, चीवर घडी करून ठेवलं. गावातून भिक्षेत मिळालेला डबा पुढे ओढला. बारा वाजून गेले की त्या दिवसभर अन्न घेत नसत, आणि बाराला थोडाच वेळ उरला होता. त्यांनी ताटल्या मांडल्या. एक, दोन... तीन. तिन्हींत भात वाढला. वरण वाढलं.

“ही कुणाची?”

“तुझ्या आईची. घरी असते म्हणालीस ना. फोन कर, म्हणावं जेवायला ये. बारा वाजायच्या आत.”

“आर्याजी!”

“मी कुठली आर्याजी? मी साहेब. काचेमागे बसलेय. लाव म्हणते फोन, माझ्यासमोर. तीन सेकंद.”

विशाखाची मान ताठ झाली. प्रश्न कुठलाही असो, तिची तयारी नाही असं आजवर कधी झालं नव्हतं.

“त्याचीही तयारी केलीये,” ती म्हणाली. “आईचा नंबर फॉर्मवर आहे. तो मी बंद पडू दिला नाही, तिचा फोन रोज चार्ज करते. त्यांनी लावलाच तर मावशी उचलणार होती. आई म्हणून बोलणार होती.”

“होती?”

“...रडायला लागली. नाही म्हणाली.”

“मग लाव.”

“लावते. बघा, चालू आहे.”

तिने झटक्यात नंबर दाबला आणि स्वतःचा फोन कानाला लावला. हसूसुद्धा आपोआप ओठांवर आलं.

तिच्याच पर्समध्ये फोन वाजायला लागला.

बटणांचा जुना फोन, कर्कश आवाजाचा. एवढ्याशा विहारात तो मावेना. विशाखाने पर्स उघडली, हात घातला, आणि तो फोन बाहेर काढून तशीच बसली. दोन महिने रोज चार्ज केला होता, पण त्यावर फोन एकदाही केला नव्हता. आई होती तेव्हा तरी कुठे केला होता! आईच करायची, आणि ही म्हणायची, क्लासमध्ये आहे, नंतर बोलते.

छोट्या पडद्यावर नाव लुकलुकत होतं. आईला लिहिता येत नव्हतं, मोबाइलच्या दुकानातल्या माणसाकडून तिने ते घालून घेतलं असणार. ‘विशाखा मॅडम’.

एका हातात तिचा फोन, एका हातात आईचा. ओठांवरचं हसू कुठे ठेवायचं ते तिला कळेना. ते तसंच राहिलं, आणि वर डोळे वाहायला लागले.

तिसऱ्या ताटलीतल्या भातावरची वाफ विरत चालली होती.

“आर्याजी... मंगळवारी मी काय सांगू?”

फोन वाजतच होता.

आर्याजींनी आपली ताटली बाजूला सारली.

“ते नंतर. आधी फोन उचल.”